मदत हवी आहे : शाकाहारी विद्यार्थिनीला किमजांगमध्ये सहभागी होता येईल का?

नमस्कार. मी दक्षिण कोरियातील ग्वांग्जू येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. येथील पारंपरिक स्वयंपाक घरात प्रत्यक्ष कसा होतो हे पाहावे आणि जमल्यास तो शिकून घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) घालून छायाचित्रे काढली जातात आणि आधीच खारवून ठेवलेल्या कोबीला तयार मसाला चोळून तासाभरात किमची ‘शिकवली’ जाते. त्यात वावगे काही नाही. पण कोबी मिठात किती वेळ ठेवायचा आणि तो पुरेसा नरमला हे कशावरून ओळखायचे, हे त्यातून कळत नाही.

आता एक चांगली संधी चालून आली आहे. आमच्या प्राध्यापकांच्या आईंनी नोव्हेंबरअखेरीस गावी होणाऱ्या किमजांगसाठी प्रयोगशाळेतील सर्वांना बोलावले आहे. हिवाळ्याची बेगमी म्हणून घरचे आणि शेजारपाजारचे लोक एकत्र येऊन किमची घालतात, ती ही प्रथा. 2013 साली युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आपल्याकडच्या वाळवणासारखाच हा खटाटोप, फक्त येथे उन्हाऐवजी थंडीची वाट पाहतात.

अडचण अशी की मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. ग्वांग्जूच्या आसपासच्या या जोल्ला भागातील किमचीत खारवलेली कोळंबी आणि आंबवलेल्या मासळीचा रस सढळ हाताने घालतात, आणि काम आटोपल्यावर ताज्या किमचीबरोबर उकडलेले डुकराचे मांस वाढण्याची रीत आहे. शिवाय मसाला भरता भरता कोबीचे एखादे कोवळे पान गुंडाळून शेजारच्याच्या तोंडात भरवतात, असे सहाध्यायी सांगतात. वयोवृद्ध यजमानीणबाईंनी असा घास पुढे केला, तर त्यांचे मन न दुखवता नकार कसा द्यावा? मासळी न घालता थोडी किमची वेगळी करता येते का? आणि मठातील शाकाहारी स्वयंपाक शिकण्यासाठी टेंपलस्टे (बौद्ध मठात पाहुणे म्हणून मुक्काम) कितपत उपयोगी पडेल? येथे राहिलेल्या किंवा राहत असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आमंत्रण अवश्य स्वीकारा. ऐनवेळी नकार देणे अवघड जाते, म्हणून प्रयोगशाळेतील एखाद्या वरिष्ठ कोरियन सहकाऱ्यामार्फत आठवडाभर आधीच निरोप द्या. ‘मांस खात नाही’ एवढेच सांगितल्यास मासे चालतात असे बहुतेक जण गृहीत धरतात. त्यामुळे सेउजोत (खारवलेली कोळंबी), म्योल्ची-एकजोत (मासळीचा रस) आणि मासळीचे पाणी, अशी नावे घेऊनच सांगावे.

वेगळी किमची करणे फारसे कठीण नाही. उभ्या चिरलेल्या मुळ्याला आधी तिखट चोळतात, त्यानंतर लसूण, आले, जोत (वर सांगितलेली खारवलेली कोळंबी-मासळी) आणि चिकट तांदळाची खळ घालतात. जोत पडण्यापूर्वीच दोन-तीन कोबींपुरता मुळा बाजूला काढून घ्या. खळ मात्र पुष्कळ घरांत सुक्या मासळीच्या पाण्यात शिजवलेली असते आणि येथेच बहुतेकांची फसगत होते; तुमच्यापुरती ती दाशिमा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पाण्यात शिजवावी. खारटपणासाठी गुकगांजांग हा सूपमध्ये वापरायचा सोया सॉस आणि गोडीसाठी किसलेले कोरियन नाशपाती घालावे. चव थोडी सौम्य लागते, पण मला तरी तीच अधिक आवडते.

टेंपलस्टेबद्दल म्हणाल, तर तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आहात. जांगसोंगचा बेग्यांगसा हा बौद्ध मठ ग्वांग्जूहून जवळ आहे आणि तेथील भिक्षुणी जोंग क्वान मठातील स्वयंपाकासाठी जगभर ओळखल्या जातात. या भोजनात मांस-मासे नसतात, लसूण आणि कांद्याचे प्रकारही वर्ज्य असतात. गंमत म्हणजे निषिद्ध पाच पदार्थांच्या यादीत आपला हिंगही आहे. 2002 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी सुरू झालेला हा उपक्रम असल्याने इंग्रजीतून आरक्षण करता येते. मात्र नुसत्या विश्रांतीचा प्रकार न निवडता स्वयंपाकाचा समावेश असलेला कार्यक्रम निवडा. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात मेपलची लाल पाने पाहायला तेथे तोबा गर्दी होते. तेव्हा डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यानंतरची तारीख मिळते का, ते आताच पाहून ठेवा.