अनुभव धागा : 'अचानक' झालेली मारामारी

गेल्या आठवड्यात माझ्या नववीच्या वर्गात दोघांची जुंपली. एकाच्या भुवईला चार टाके पडले. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच पालुपद, "अचानक झालं हो." रात्री आठवत बसले तेव्हा कळलं, अचानक काहीच नव्हतं. तीन आठवडे एका मुलाचं टोपणनाव रोज फळ्यावर येत होतं आणि मी ते डस्टरने पुसून तास सुरू करत होते.

शिक्षक, समुपदेशक, पालक, एके काळचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. फसलेले प्रयोग आधी. मुलांची, शाळेची नावं नकोत.

क्रीडाशिक्षक :
आम्ही मुलांना शाळेचा कोरा नकाशा दिला. स्वतःचं नाव न लिहिता, भीती वाटते तिथे फुली मारा म्हटलं. माझी पैज मैदानावर होती. फुल्या पडल्या जिन्याच्या वळणावर आणि स्वच्छतागृहाच्या दारापाशी. वेळ विचारली तर दोन तासांच्या मधली पाच मिनिटं, म्हणजे आम्ही शिक्षक वर्ग बदलत असतो नेमकी तेव्हा! मग पाळी लावून दोघं जण जिन्यात उभे राहू लागलो. ओरडायचं नाही, शिट्टी नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारायची, बस. दोन महिन्यांनी पुन्हा नकाशे वाटले. जिना जवळजवळ मोकळा झाला होता. सायकल स्टँडवर मात्र नव्या फुल्या आल्या होत्या. सध्या तिथे उभा असतो.

शाळा समुपदेशक :
माझी चूक लिहिते. सुरुवातीच्या काळात कुठलंही प्रकरण आलं की दोघांना समोरासमोर बसवायचे, "चला, हात मिळवा." एकाने हात मिळवतानाच दुसऱ्याची बोटं पिरगळली होती. मला दिसलंही नाही. त्या मुलाने वर्षभराने सांगितलं.

भांडण वेगळं आणि छळ वेगळा. भांडणात दोघं साधारण बरोबरीचे असतात, तिथे मध्यस्थी चालते, मुलांनी केलेली तर उत्तम चालते. छळाच्या तीन खुणा नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी मांडल्या : तो मुद्दाम असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि एक बाजू दुबळी असते. तिथे समेट घडवणं म्हणजे दुबळ्याला पुन्हा एकदा छळणाऱ्यासमोर नेऊन बसवणं. आता मी दोघांना वेगवेगळं भेटते, सोसणाऱ्याला आधी. दुसऱ्याला "का केलंस?" विचारणं सोडलं, कारण त्याचं उत्तर तयारच असतं. "काय झालं? कुणाला काय सोसावं लागलं? ते भरून काढायला तू काय करशील?" इथे मात्र तो अडखळतो.

एक शिक्षक :
वाचायला छान आहे. माझ्या वर्गाचा पट साठच्या वर आहे आणि अभ्यासक्रम संपवायचाय. कुणाकुणाला वेगवेगळं भेटू?

पालक :
सर, माझी मुलगी बघ्यांमधली. तिला कोणी छळत नव्हतं, तरी शाळेच्या नावाने पोटात दुखायचं. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. साठ जणांना भेटू नका. बघे काय करू शकतात एवढंच वर्गात एकदा बोला : सोसणाऱ्याला "चल, तुला बोलावलंय" म्हणून तिथून काढणं, हसायला नकार देणं, मोठ्यांना सांगणं. सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे मुलांना कुणीतरी शिक्षकानेच म्हणावं लागतं.

एके काळचा 'दादा' :
मी मारणाऱ्यातला. वर्गाबाहेर उभं करायचे तेव्हा मला पदक मिळाल्यासारखं वाटायचं. एका बाईंनी मला सगळ्यांसमोर शिक्षा करणंच बंद केलं. प्रेक्षक गेले, मजा गेली. मग एकट्याला म्हणाल्या, "डोकं तापायला लागलं की दोन बोटं वर कर आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन ये. विचारणार नाही." निम्म्या वेळा मी नुसता टंगळमंगळ करायला गेलो. बाईंना ते ठाऊक होतं. पण उरलेल्या निम्म्या वेळा कुणाचं तरी नाक वाचलं.

धागाकर्ती :
आज फळ्यावर पुन्हा ते नाव होतं. मी पुसलं नाही. कोणी लिहिलं तेही विचारलं नाही. "हे पुसायला कोण येतंय?" एवढंच म्हटलं आणि थांबले. बराच वेळ सगळ्यांच्या माना खाली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. डस्टर सापडेना, तर तळहातानेच पुसलं तिने.

टाके पडलेला मुलगा सोमवारी येतोय. पहिल्या तासाआधी त्याला एकट्याला भेटणार आहे. हात मिळवायला लावणार नाही.