जुन्या साप्ताहिकात चोर 'इसम' अन् सावकार 'गृहस्थ', असं कायले?

कपाशीवाला, दर्यापूर
आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मराठी साप्ताहिकांचे गठ्ठे हायेत, अर्धे वाळवीनं खाल्ले. झड लागली होती, वावरात पाय ठेवता येत नव्हता, म्हणून दोन दिवस तेच चाळत बसलो. बैल चोरला तर 'एक इसम', विहिरीत प्रेत सापडलं तर 'अनोळखी इसम', पिऊन बाजारात लोळला तो बी इसमच. पण धर्मशाळेले पैसे देनारा 'गृहस्थ', संपादकाले पत्र धाडनारा 'गृहस्थ'. घरी तर आपन मानूस म्हंतो नाईतर बुवा, इसम कोनीच म्हनत नाई. मंग हा शब्द आला कुठून, अन् शिवी हाये का?

अचलपूरकर
शिवी कायची बाप्पा! अरबीत 'इस्म' म्हणजे नाव. आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे अजूनही 'आपका इस्मे शरीफ?' विचारतात, बिस्मिल्लातही तोच इस्म. दफ्तरात नावांच्या याद्या असायच्या, यादीतलं एक नाव म्हणजे एक इसम, असं करत करत नावाचा मानूस झाला. 'असामी' पण त्याच घरातला, मूळ अरबीत इस्मचंच अनेकवचन. वऱ्हाडचा कारभार १८५३ पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे आपल्या जुन्या कागदात असे शब्द ढिगानं, पण पुण्याकडच्या मोडी दफ्तरातही कमी नाहीत हां.

रिटायर कारकून
कोर्टात जन्म गेला, म्हणून सांगतो. पंचनाम्यात 'पंच इसम' लिहितात, पंच काय चोर असतो? तालुक्याचा वार्ताहर ठाण्यातून आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, आजही उतरवतोच, म्हणून चोरीच्या बातमीत इसम. देणगीची बातमी ठाण्यातून येत नाही, देणाराच पाठवतो! गृहस्थचं म्हणाल तर 'दर्पण' १८३२ साली निघालं तेव्हा मराठी अन् इंग्रजी शेजारी शेजारी छापायचे, अशा लिखाणातूनच 'जंटलमन'साठी गृहस्थ रुळला असावा, हा आपला माझा अंदाज.

कपाशीवाला, दर्यापूर
पंच इसम पटलं भाऊ. पण एका यात्रेच्या बातमीत गृहस्थानं अन्नदान केलं अन् 'पाचशे असामी' जेवले असं हाये, एकाच वाक्यात! जेवनाची पंगत काई ठाण्यातून आली नसन. तिथं कोनाले गृहस्थ म्हनाचं अन् कोनाले मोजाचं, हे छापनाऱ्यानंच ठरवलं ना?

पटवाला
मोजलं तरी बरं म्हना. आमच्या आज्याची जोडी शंकरपटात पहिली आली होती, त्या बातमीचं कात्रण घरी हाये. 'एका इसमाची जोडी' लिहिलं. दोन्ही बैलांची नावं छापली, आज्याचं नाई.

कपाशीवाला, दर्यापूर
😂 कात्रणाचा फोटो टाक न राजा.