विंडोज व्हीएमना फक्त शुक्रवारी आयपी मिळत नाही, आणि उबुंटूच्या दोघांना एकच आयपी

लॅबवाला_जळगाव
राम राम मंडळी. जळगावच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. जुने घेतलेले तीन सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी मशीनं, चालवणारं सॉफ्टवेअर), मुलांच्या प्रॅक्टिकलपुरतं आमचं छोटंसं प्रायव्हेट क्लाउड. एका लिनक्स व्हीएमवर डीएनएसमास्क आहे, तोच डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटतो. रेंज १९२.१६८.२०.१०० ते १४९.

रोज सकाळी टेम्प्लेटवरून (तयार नमुना मशीनवरून) १२ विंडोज व्हीएम क्लोन करतो, संध्याकाळी उडवतो. सोमवार ते गुरुवार एकदम झकास. शुक्रवारी एका व्हीएमला आयपी मिळतो, बाकीच्या ११ जणी १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी धरून बसतात. तीन आठवडे हेच चाललंय. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सर्व्हरचा शुक्रवारी उपवास असतो का?"

दुसरं दुखणं. उबुंटूचे दोन क्लोन कायम चालू असतात, दोघांनाही १९२.१६८.२०.१०० च. एसएसएचने लांबून लॉगिन केलं की कधी हा उघडतो, कधी तो. मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) वेगळे आहेत, दोनदा पाहिले. केबल बदलली, स्विच बंद-चालू केला, ४४ डिग्रीत गच्चीवरचा पॅनलसुद्धा बघून आलो. आते काय करू भो?

धुळेकर_०७
व्हीलॅनचा (एकाच स्विचवर नेटवर्कचे वेगळे भाग करतात त्याचा) टॅग चुकला असेल. प्रॉक्समॉक्सच्या नेटवर्क कार्डावर फायरवॉलची टिक असते, तीही काढून बघ. आमच्याकडे तेच झालं होतं.

चोपड्याचा_पुण्यात
धुळेकर भाऊ, व्हीलॅनला वार कळत नाही. टॅग चुकला असता तर सोमवारीही बोंब झाली असती.

लॅबवाले, १६९.२५४ म्हणजे विंडोजने डिस्कव्हर, म्हणजे "आयपी द्या" अशी विनंती, पाठवला, उत्तर आलं नाही, मग स्वतःच एक आयपी लावून घेतला. आता विनंती सर्व्हरपर्यंत पोचतच नाही की पोचूनही सर्व्हर देत नाही, एवढंच बघायचं. डीएचसीपीच्या व्हीएमवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावा, यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८. डीएनएसमास्कचा लॉग आणि लीजची (कोणता आयपी कोणाकडे किती मुदतीसाठी आहे त्याची) फाइल पण टाका. आणि लीज किती तासांची ठेवली आहे?

लॅबवाला_जळगाव
आज शुक्रवारच आहे, लगेच पाहिलं. डिस्कव्हर येतोय, ऑफर, म्हणजे सर्व्हरचं उत्तर, जात नाही. लॉगमध्ये ओळीमागून ओळ "नो ॲड्रेस अव्हेलेबल". लीजच्या फाइलमध्ये बरोबर ५० ओळी.

लीज १६८ तास. मागे लाइट सारखी जायची, डीएचसीपीची व्हीएम उशिरा उठायची, म्हणून मीच वाढवली होती. किती दिवस झाले आठवत नव्हतं, सेटिंगच्या फाइलची तारीख बघितली तर तीन आठवडे. डोक्याला हात लावला.

चोपड्याचा_पुण्यात
मग सापडलं. स्टँडजवळच्या लॉजमध्ये माणूस सात दिवसांची खोली लिहून घेतो आणि संध्याकाळीच बस धरतो, तसं चाललंय. तुम्ही व्हीएम उडवता, पण ती आयपी परत करून जात नाही. नव्या क्लोनला नवा मॅक, म्हणजे डीएनएसमास्कला नवा गिऱ्हाईक. ५० पैकी १ उबुंटूकडे. रोज १२ प्रमाणे गुरुवारपर्यंत ४८. शुक्रवारी उरतो १. पुढच्या सोमवारी मागच्या सोमवारच्या १२ सुटतात, म्हणून गाडी परत चालते.

लीज ४ तास करा. लीजची जुनी फाइल उडवायची तर मुलांची मशीनं बंद असताना, डीएनएसमास्क थांबवून. डीएनएसमास्क आयपी देण्याआधी पिंग करून (हाक मारून) बघतो खरा, पण विंडोजची फायरवॉल बहुतेक वेळा पिंगला उत्तरच देत नाही, त्यामुळे चालू मशीनचा आयपी दुसऱ्याला जाऊ शकतो.

उबुंटूचं वेगळं आहे. लीजच्या फाइलमध्ये १०० च्या ओळीचा शेवटचा रकाना ff ने सुरू होतो का? विंडोजच्या ओळींत तिथे 01 आणि पुढे मॅक असेल.

लॅबवाला_जळगाव
हो, ff! विंडोजच्या सगळ्या 01.

चोपड्याचा_पुण्यात
तो क्लायंट आयडी, म्हणजे मशीन सर्व्हरला सांगते ती आपली ओळख. उबुंटू सर्व्हर मॅकवरून नाही, तर ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलवरून तो बनवतो, आणि क्लोन करताना ती फाइल जशीच्या तशी आली. दोन भाऊ एकाच रेशनकार्डावर, दुकानदार एकच कोटा देणार.

टेम्प्लेटमध्ये ती फाइल रिकामी करा. पुसू नका, शून्य बाइटची ठेवा. डीबस या सेवेच्या फोल्डरमधली मशीन-आयडी तिलाच लिंक आहे ना तेही बघा. मग बंद करून टेम्प्लेट बनवा. मध्येच "चालतंय का बघू" म्हणून सुरू केलीत तर नवा आयडी तयार होईल आणि सगळं मुसळ केरात. सध्याच्या दोघांत टेम्प्लेटला हात न लावता काम भागवायचं असेल तर नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) डीएचसीपी आयडेंटिफायर मॅक करा.

धुळेकर_०७
व्हीलॅनला वार कळत नाही 😄 हे लॅबच्या भिंतीवर लावतो.

लॅबवाला_जळगाव
आठवड्याने लिहितोय. लीज ४ तास. काल शुक्रवार होता, १२ पैकी १२ मशीनना आयपी. मॅडमनी सकाळपासून दोनदा येऊन मोजले.

उबुंटूलाही वेगवेगळे आयपी लागले होते. दुपारी परत दोघं १०० वर. एका पोराने प्रॅक्टिकल बिघडलं म्हणून गुपचूप मागच्या महिन्याच्या स्नॅपशॉटवर (मशीनच्या साठवलेल्या जुन्या स्थितीवर) उडी मारली, दुसऱ्यानेही त्याचं बघून तेच केलं, आणि दोघांचा जुना आयडी परत आला. आता जुने स्नॅपशॉट पुसत बसलोय.