स्वागत समारंभ पुरे, प्रवेशाच्या खिडकीशेजारी एक टेबल मांडा

पूर्वभागकर :
माझ्या मामेबहिणीनं २०२४ ला सोलापुरातल्याच एका कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेतला. कॉलेजचं नाव घेत नाही, दुसरीकडं फार वेगळं असेल असं वाटतही नाही. पहिल्या आठवड्यात सभागृहात कार्यक्रम झाला : दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. त्यातलं एकच वाक्य तिच्या डोक्यात बसलं, की नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष शिकलं तरी सर्टिफिकेट मिळतं. घरी आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. वर्षभर शिकायचं, सर्टिफिकेट घ्यायचं आणि कुठंतरी कामाला लागायचं, असं घरात ठरून गेलं.

वर्ष झालं, सगळ्या विषयांत पास झाली. सर्टिफिकेट मागायला गेली तर खिडकीतून क्रेडिटचा, म्हणजे विषय पास झाल्यावर खात्यात जमा होणाऱ्या श्रेयांकांचा, प्रश्न आला, ‘४४ क्रेडिट झालेत, पण वरच्या ४ क्रेडिटचं काय? कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केलीस का?’ ही म्हणाली, ‘ते काय असतं?’

आता ती एका कापडाच्या दुकानात आहे, हातात नुसती मार्कलिस्ट.

माझं म्हणणं असं : जूनमध्ये खिडकीशेजारी एक टेबल मांडा. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) ही भानगड ज्याला कळते असा एक माणूस तिथं महिनाभर बसवा. अर्ज आधी त्याच्यासमोर, मग खिडकीत. शेजारी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी सिनियर पोरं बसवा. माझ्या मामीला मराठी कळतं, पण प्रश्न विचारायचा तर तिला तेलुगूच लागतं.

तासिकावाला :
टाळी मिळेल असं लिहिलंय, पण अर्धंच. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नव्या विद्यार्थ्यांसाठीचा ‘दीक्षारंभ’ कार्यक्रम २०१९ पासून आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी मेंटर-मेंटीची यादी, म्हणजे कुठल्या शिक्षकानं कुठल्या मुलांना मार्गदर्शन करायचं ती, प्रत्येक कॉलेज तयार ठेवतं. माझ्या नावावर साठ मुलं आहेत. बोलावलं की सहा येतात, त्यातली दोघं बोनाफाइडवर सही घ्यायला.

शिवाय मी तासिका तत्त्वावर. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, पोरांशी बोललेला तास बिलात बसत नाही. जूनमध्ये तर माझी नेमणूकच झालेली नसते. त्या टेबलावर बसणार कोण? कायम प्राध्यापक आधीच कमी, आणि जे आहेत त्यांना प्रवेश समितीचं काम.

अक्कलकोटची :
सर, सहाच का येतात ते मी सांगते. मेंटरची मीटिंग दुपारी दोनला असते आणि आमचा शेवटचा तास साडेबाराला सुटतो. दीड तास बसायचं कुठं? मधली एसटी गेली की घरी पोचायला संध्याकाळ, मग घरच्यांचे प्रश्न वेगळेच. दोन तासांच्या मध्ये वर्गात येऊन पंधरा मिनिटं बोललात तर साठच्या साठ तिथंच सापडतील.

होटगीरोड :
सगळं काय घास करून भरवायचं का? अभ्यासक्रम, क्रेडिट, नियम, सगळं वेबसाइटवर आहे. रील बघायला मोबाइल चालतो, नियम बघायला चालत नाही? आम्ही अठ्ठ्याण्णवला प्रवेश घेतला तेव्हा कुणी समुपदेशक नव्हता. काही बिघडलं नाही.

पूर्वभागकर :
साहेब, अठ्ठ्याण्णवला तीन वर्षं काढायची आणि डिग्री घ्यायची एवढंच होतं. वर्षावर बाहेर पडायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळं तिथं चुकायचीही सोय नव्हती. आणि वेबसाइटवरची ती पीडीएफ इंग्रजीत आहे. एकदा उघडून बघाच.

खिडकीतला :
मी एका कॉलेजात क्लार्क आहे. दोघांचंही चुकतंय. अर्ज पोरं भरतच नाहीत, नेट कॅफेवाला भरतो. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, हे त्याला पाठ झालंय. पण कोणता, हे तो विचारत नाही. यादीत वरती दिसेल तो टाकतो. मागं एकाच कॅफेतून आलेल्या गठ्ठ्यात सगळ्यांचा एकच विषय होता. मी एका पोराला विचारलं, ‘का रे हा घेतलास?’ तर म्हणाला, ‘घेतला होय?’

टेबल कॉलेजात मांडून उपयोग नाही. खिडकीत येईपर्यंत सगळं भरून झालेलं असतं. मराठीत दोन पानं छापा आणि मे महिन्यातच आजूबाजूच्या कॅफेवाल्यांना वाटा.

तासिकावाला :
हे पटलं. यात कुणाची नेमणूक लागत नाही, आणि दोन पानं लिहायला मी फुकट तयार आहे.

पूर्वभागकर :
पानं वाटा की, पण त्यावर भागणार नाही. कॅफेवाला अर्जामागं पैसे घेतो, मागं रांग लागलेली. ‘तुला पुढं काय करायचंय’ हे तो कशाला विचारेल? आणि आमची फसगत अर्ज भरताना झालीच नव्हती. त्या ४ क्रेडिटबद्दल वर्षाअखेरीला कुणी सांगायचं?

खिडकीतला :
त्याची आमच्याकडं नोटीस लागली होती. मीच लावली. शेवटचा पेपर झाल्यावर.

अक्कलकोटची :
कुठल्या बोर्डावर?

खिडकीतला :
ऑफिसबाहेरच्या. सायकल स्टँडकडं तोंड आहे त्याच्या. तेव्हा स्टँड रिकामा होता, खरंय.