गाण्यातून इंग्लिश ग्रामर जमेल का?

घोडबंदरकर: मुलगी आठवीत, मराठी मिडीयम, तबला शिकते, इंग्लिश धडा म्हटलं की पुस्तक मिटते पण गाण्याबजावण्याबद्दल काहीही वाचते, मग ग्रामर त्यातूनच करून घेऊ का?

ऐरोलीवाला: घ्याच! तबल्यापासून सुरू करा, वाद्याआधी सहसा 'द' येतो, 'आय प्ले द तबला', पण 'आय प्ले क्रिकेट'. आणि म्युझिक मोजत नाहीत म्हणून 'अ म्युझिक' चूक, 'अ साँग' बरोबर. माझ्या पोराला टेन्सचे तक्ते कधीच जमले नाहीत, 'आय हॅव बीन लर्निंग फॉर थ्री इयर्स' असं स्वतःबद्दल बोलला तेव्हा जमलं.

वाशीची ताई: वाचायला झाकीर हुसेन द्या, 'ही वॉज बॉर्न इन 1951', चरित्रात भूतकाळ भरपूर मिळतो. फक्त गाण्यातलं 'शी डोन्ट' पेपरात नको, तिथे 'शी डझन्ट' लिहायचं, नाहीतर मार्क जातात.

घोडबंदरकर: थँक्यू ताई, आज रात्रीच बसतो तिच्यासोबत.