मदत हवी आहे: पर्थ अँबॉयमध्ये मराठी खानावळ आणि 'ऑपॉर्च्युनिटी झोन'ची करसवलत

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ राहतो. दोघंही इथले सिटिझन आहोत, तेव्हा व्हिसावरचे सल्ले नकोत. मिसळ, थालीपीठ, भरली वांगी असं साधं खाणं देणारी जागा काढायची आहे. ओक ट्री रोडचं (इथला देशी बाजार) भाडं झेपणारं नाही, म्हणून जवळच्या पर्थ अँबॉय शहरात बघतोय. दारूचा परवाना घेणार नाही, न्यू जर्सीत त्याची किंमत ऐकूनच चढते.

एजंट म्हणतो, जागा ऑपॉर्च्युनिटी झोनमध्ये आहे, 'टॅक्स लागतच नाही'. हे काही पटलं नाही म्हणून वाचायला घेतलं. 2017 च्या कायद्यातली ही सवलत मागास वस्त्यांत पैसा यावा म्हणून आहे, पण ती मिळते भांडवली नफ्यावर. शेअर किंवा घर विकून झालेला नफा 180 दिवसांत या सवलतीसाठीच्या खास फंडात घालायचा, फंडाने तो झोनमधल्या धंद्यात लावायचा, की त्या नफ्यावरचा कर पुढे ढकलला जातो. पगारातून साठवलेल्या पैशाला काहीच नाही. म्हणजे पोळ्या लाटणाऱ्यापेक्षा आधीच शेअर असलेल्याची सोय जास्त!

आमच्याकडे नवऱ्याच्या कंपनीचे जुने शेअर आहेत, त्यामुळे दार अगदीच बंद नाही. प्रश्न असे:

१. जुन्या नियमाने पुढे ढकललेला नफा 31 डिसेंबर 2026 ला उत्पन्नात धरून त्यावर कर भरावाच लागतो. मग यंदा पैसे घालून काय मिळणार? सप्टेंबरमध्ये शेअर विकले तर 180 दिवस मार्चपर्यंत जातात. 2027 उजाडल्यावर पैसे घातले तर नवे नियम लागतील ना?

२. इमारत घ्यायची ऐपत नाही. भाड्याची जागा चालते का?

३. शहरात अर्बन एंटरप्राइझ झोनही (राज्याची वेगळी सवलत योजना) आहे, तिथे विक्रीकर 6.625 ऐवजी 3.3125 टक्के. तो आमच्या बिलावर लावता येईल?

— थालीपीठवाली

हिशोबनीस:
ताई, तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथेच लोक फसतात. अर्धा विक्रीकर तयार जेवणाला लागू नाही. मिसळीवर पूर्ण 6.625 टक्केच. फायदा तुमच्या खरेदीत आहे: ओव्हन, फ्रीज, टेबल-खुर्च्या विक्रीकराशिवाय घेता येतात. मात्र आधी झोनमध्ये नोंदणी करून प्रमाणपत्र घ्या, मगच ऑर्डर द्या.

भाड्याची जागा चालते, भाडं बाजारभावाने हवं. उलट इमारत घेतलीत तर जमीन सोडून तिची जी किंमत धरली असेल, तेवढाच खर्च 30 महिन्यांत सुधारणेवर करावा लागतो. भाड्यात ती कटकट नाही.

2027 बद्दल तुमचा हिशोब बरोबर आहे. 1 जानेवारीपासून गुंतवलेल्या नफ्यावरचा कर गुंतवणुकीच्या तारखेपासून पाच वर्षं पुढे जातो आणि पाच वर्षं टिकलात तर त्या नफ्यातला 10 टक्के भाग करातून सुटतो. पण झोनही नव्याने ठरताहेत आणि निकष कडक झालेत: वस्तीचं उत्पन्न आधी परिसराच्या 80 टक्क्यांपर्यंत चालायचं, आता 70. आज झोनमध्ये असलेली जागा नव्या यादीत असेलच असं नाही. यादी बघितल्याशिवाय भाडेकरारावर सही नको.

कांदाभजी:
पहिल्या दिवशी मी येणार, टॅक्स कितीही लावा. तर्रीवाली मिसळ असेल ना?

थालीपीठवाली:
@कांदाभजी, तर्री वेगळ्या वाटीत.
@हिशोबनीस दादा, फार आभार. अजून एक: फंड म्हणून आम्हा दोघांची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) चालेल?

हिशोबनीस:
चालेल, दोघं भागीदार आहात म्हणून. एकट्याच्या नावावरची, वेगळं विवरणपत्र न भरणारी एलएलसी चालत नाही. दरवर्षी आयकराचा फॉर्म 8996 भरायचा आणि फंडाची 90 टक्के मालमत्ता झोनमध्ये दाखवायची. सीपीएची (कर-हिशोब बघणाऱ्याची) फी धरून बघा. खरी मोठी सूट दहा वर्षांनी, गुंतवणुकीच्या वाढलेल्या किमतीवर मिळते, ती घ्यायला धंदा दहा वर्षं चालून चांगल्या भावात विकला जायला हवा. खानावळीत ते कठीण. नफा लाखभर डॉलरच्या आत असेल तर माझं मत: झोनच्या नादी लागू नका, स्वस्त भाडं मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्या. शेअरचा आकडा इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.