मदत हवी आहे: वाय नदीतल्या पाणवनस्पतीच्या जटा गेल्या, पण मीटर म्हणतोय पाणी ठीक

नमस्कार मंडळी,

वनस्पतिशास्त्र किंवा पाणीतपासणीतलं कळणारे इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडात हेरफर्डला. कृष्णाकाठी वाढल्यामुळे गळ टाकून बसायची खोड जुनी, आणि इथे वाय नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरातून निघून सुमारे २५० किमी वाहते आणि चेपस्टोजवळ सेव्हर्न नदीला मिळते. सॅमनसाठी एके काळी फार नावाजलेली. १९२३ मध्ये डोरीन डेव्ही या बाईंनी इथे ५९.५ पौंडांचा, म्हणजे २७ किलोचा सॅमन गळाला लावला होता. मी आपला बार्बल माशावाला. (आपल्या महाशीरचा लांबचा भाऊ म्हणा, तशाच मिशा.)

आता मुद्दा. या नदीत वॉटर क्रोफूट नावाची वनस्पती असते, गळवाले तिला रॅननक्युलस म्हणतात. मी आलो त्या वर्षी मे महिन्यात धारेत पुरुषभर लांब हिरव्या जटा हलत होत्या, वर पांढरी फुलं, मधे पिवळा ठिपका. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "नदीत लाह्या कुणी सांडल्या?" बार्बल त्या जटांच्या सावलीत बसायचे. गळ कडेकडेने सोडायचा, अडकला की शिव्या घालायच्या. आता गेल्या तीन वर्षांत माझा गळ एकदाही अडकलेला नाही.

तळातला दगड उचलला तर साबणासारखा निसटतो. नखाने खरवडलं की तपकिरी बुळबुळीत थर निघतो. ऊन तापलं आणि पाणी कमी झालं की नदी पालकाच्या पातळ भाजीसारखी दिसते.

कारणं ढोबळ माहीत आहेत, त्यावर भाषण नको. खोऱ्यात २ कोटींच्या आसपास कोंबड्या आहेत, त्यांचं खत शेतात, शेतातलं फॉस्फरस पावसाबरोबर नदीत. सांडपाण्याचा वाटाही आहेच. लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासात खोऱ्यातल्या जमिनीत दरवर्षी सुमारे ३,००० टन जादा फॉस्फरस साठतोय असं आलं. २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेने नदीचा दर्जा 'प्रतिकूल, खालावणारा' असा केला.

मी दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून फॉस्फेट मोजतो. छोटी कुपी, त्यात पुडी टाकायची, दोन मिनिटं हलवायची, मग मीटर तीन मिनिटं उलटे आकडे मोजतो. फॉस्फेट असेल तर पाणी निळसर होतं. माझी अडचण अशी: नदी सर्वांत हिरवी होती तेव्हा रीडिंग आलं ०.०४ (लिटरमागे मिलिग्रॅम). नोव्हेंबरात पाणी नितळ, आणि रीडिंग ०.२१! आमच्या गळवाल्यांच्या क्लबातले एक आजोबा म्हणाले, "तुझा मीटर उलटा धरतोस का रे?"

दुसरं, क्लबात घाट घातलाय की वरच्या अंगाच्या जटा तोडून आणून इथे लावायच्या. जगतील का?

आणि तिसरं, आईला फोनवर समजावता येत नाहीये. ती म्हणते, "नदीतलं गवत गेलं तर चांगलंच की, आपल्याकडे जलपर्णी काढायला पैसे मोजतात."

चिखलपाय:
मीटर बरोबर आहे, दादा. तो फक्त पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट मोजतो. नदी हिरवी होते तेव्हा ते शेवाळाच्या पोटात गेलेलं असतं. ताट रिकामं दिसलं म्हणून कुणी जेवलंच नाही असं होत नाही ना? गाळात धरलेलंही या मीटरला दिसत नाही. एकूण फॉस्फरस हवं असेल तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. तुमचं नोव्हेंबरचं रीडिंग जास्त बोलकं आहे, कारण तेव्हा खाणारं कुणी नव्हतं. मार्च-एप्रिलची रीडिंग अजिबात चुकवू नका, जटांची वाढ तेव्हाच जोर धरते.

आणखी एक. मीटर फॉस्फेट दाखवतो, सरकारी मर्यादा बहुतेक वेळा फॉस्फरसमध्ये असते. तुलना करायची तर तुमच्या आकड्याला साधारण तीनाने भागा. ०.०४ सारख्या बारीक आकड्यात यंत्राची चूकच तेवढी असू शकते, एकट्या रीडिंगवर जीव टाकू नका.

इंद्रायणीकाठची:
आईंना असं सांगा, मी शाळेत मुलांना असंच सांगते. जलपर्णी पाण्यावर तरंगते, तिला ऊन फुकट मिळतं. खत वाढलं की ती माजते. तुमची रॅननक्युलस बुडालेली, तिला ऊन पाण्यातून गाळून मिळतं. खत वाढलं की आधी शेवाळ माजतं, पाणी हिरवं करतं, तिच्या पानांवर बसतं आणि ती अंधारात उपाशी मरते. खत तेच. आमच्याकडे त्याने झाड वाढतं, तुमच्याकडे मरतं.

बर्मिंगहॅमकर:
लावायच्या आधी थांबा. नदी संरक्षित आहे, परवानगीशिवाय उपटणं-लावणं दोन्ही अंगाशी येईल. तुकड्याला पेरापाशी मुळं फुटतात हे खरं, पण पाणी गढूळ राहिलं तर पुढच्या वर्षी तिथे काही नसेल. शिवाय हंस कोवळे शेंडे आवडीने खातात. रीतसर परवानगी मिळाली तर उथळ, जोरदार धारेत जाळीखाली चार रोपांचाच प्रयोग करा. वरच्या अंगाच्या उरल्यासुरल्या जटा तर मुळीच ओरबाडू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. तीनाने भागायचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, वर्षभराची वही परत काढली. आजोबांना ताटाचा दाखला दिला, त्यांनी मान डोलावली, पण लावणीचा हट्ट सोडलेला नाही. परवानगीचा अर्ज आता मीच लिहितोय.

काल पुलाच्या खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात तीन जटा सापडल्या, जेमतेम हातभर. पान बोटाने पुसलं तर तपकिरी थराखाली अजून हिरवं होतं. फोटो काढलाय, पण इथे चढत नाहीये, साइज मोठी म्हणतंय. मोबाइलवरून कमी कशी करायची?